बेसमेंटसाठी झोलर एम५३ पंप: मार्च-एप्रिलच्या पुराच्या दृष्टीने परीक्षण

निकाल आधी. बेसमेंटमध्ये (तळघरात) जमिनीतून येणारं पाणी घराबाहेर फेकणारा झोलर कंपनीचा एम५३ हा एक तृतीयांश हॉर्सपॉवरचा संप पंप चांगला आहे आणि बहुतेक घरांना पुरतो. त्याच्याबद्दलच्या बऱ्याच तक्रारी नीट तपासल्या, तर त्या त्याच्या वरच्या पाइपबद्दल, भिंतीतल्या सॉकेटबद्दल किंवा ज्या खड्ड्यात तो बसवला त्या खड्ड्याबद्दल निघतात. म्हणून या परीक्षणात पंपाइतकीच जागा त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींना दिली आहे.

अमेरिका-कॅनडातल्या फार्गो, ग्रँड फोर्क्स, विनिपेग, मिनिआपोलिस या पट्ट्यात पहिलं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांच्या डोक्यात पूर म्हणजे जुलै-ऑगस्ट असतो. धो-धो पाऊस, धरणाचे दरवाजे, कृष्णा-पंचगंगेची पातळी. इथला पूर मात्र चार-पाच महिने अंगणात पांढरा होऊन पडलेला असतो आणि मार्चअखेर, स्वच्छ ऊन पडलेलं असताना येतो. त्यात फार्गो, ग्रँड फोर्क्स, विनिपेगमधून जाणारी रेड रिव्हर दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वाहपेटन-फार्गोकडचा बर्फ आधी वितळतो, पाणी उत्तरेकडे निघतं आणि पुढे नदी अजून गोठलेलीच असते. बर्फाचे तुकडे वळणांवर आणि पुलांपाशी अडकतात, पाणी तुंबतं. खोरं म्हणजे हिमयुगातल्या ॲगॅसिझ सरोवराचा तळ, टेबलासारखा सपाट, त्यामुळे नदीबाहेर पडलेलं पाणी मैलोनमैल पसरतं. १९९७ साली ग्रँड फोर्क्सला ४९ फुटांचा अंदाज होता, पाणी ५४.३५ फुटांवर गेलं आणि जवळजवळ सगळं शहर रिकामं करावं लागलं. नदीकाठची लिंकन ड्राइव्ह ही अख्खी वस्ती पुन्हा उभी राहिलीच नाही, तिथे आता उद्यान आहे. फार्गोने २००९ मध्ये ४०.८४ फुटांचा विक्रमी पूर वाळूच्या पोत्यांच्या भिंतींवर थोपवला. विनिपेगला १९६८ मध्ये पूर्ण झालेला ४७ किलोमीटरचा फ्लडवे (पुराचं पाणी शहराबाहेरून वळवणारा कालवा) वाचवतो.

हे मोठे पूर. यांच्यासमोर दोनशे डॉलरचा पंप काही करू शकत नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण नदी काठ सोडत नाही अशा वर्षीही बर्फ वितळला की जमिनीतली पाण्याची पातळी वर येते, चिकण माती ते पाणी सोडत नाही आणि ते बेसमेंटच्या भिंतीला टेकून उभं राहतं. फर्नेस (घर तापवणारी भट्टी), गरम पाण्याचा हीटर, वॉशर-ड्रायर आणि पुष्कळदा विजेचं पॅनेलही तिथेच, खाली. बेसमेंट भिजलं म्हणजे गालिचा गेला एवढ्यावर भागत नाही. बाहेर रात्री शून्याखाली तापमान असताना घराची ऊबच बंद पडते.

पायाच्या कडेने पुरलेला सच्छिद्र पाइप (अमेरिकेत ड्रेन टाइल, कॅनडात वीपिंग टाइल) हे पाणी गोळा करून बेसमेंटच्या एका कोपऱ्यातल्या खड्ड्यात आणतो. तिथून ते घराबाहेर फेकायचं काम संप पंपाचं.

आता यंत्राकडे. एम५३ मधला ‘एम’ म्हणजे फ्लोट स्विचसह (पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा स्विच) आपोआप चालणारा. एन५३ला स्वतःचा स्विच नसतो, तो चुकून घेऊ नका. मोटर आणि पंपाचं घर बिडाचं आहे, मोटर तेलात बुडालेली आहे. बिडातून आणि तेलातून उष्णता बाहेरच्या पाण्यात जाते, म्हणून एप्रिलमध्ये रात्रंदिवस चालू-बंद होत राहिला तरी तो तापून बसत नाही. प्लास्टिकच्या घरातले स्वस्त पंप नेमके इथे मार खातात. इंपेलर (पाणी ढकलणारा आतला पंखा) व्होर्टेक्स म्हणजे भोवरा पद्धतीचा आहे, अर्ध्या इंचापर्यंतचा कचरा गिळून बाहेर टाकतो. वजन सुमारे दहा किलो, त्यामुळे तो खड्ड्यात नाचत नाही. ११५ व्होल्टवर ९.७ अँपिअर घेतो. बाहेर जाणारा पाइप दीड इंची.

शेतावर विहिरीची मोटर पाहिलेल्याला ‘हेड’ (पाणी चढवायची उंची, अधिक पाइपमधलं घर्षण) समजावून सांगायला नको. एम५३चे आकडे असे: ५ फूट हेडला मिनिटाला ४३ गॅलन (सुमारे १६३ लिटर), १० फुटांना ३४ गॅलन, १५ फुटांना १९ गॅलन आणि १९.२५ फुटांना शून्य. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा सहसा सगळ्यात कमी हेडचा असतो, त्यावर जाऊ नका. आपल्या घराचं हेड काढणं सोपं आहे. खड्ड्यातल्या पाण्यापासून पाइप भिंतीतून बाहेर पडतो तिथपर्यंतची उभी उंची मोजा. साधारण बेसमेंटला ती ८ फूट भरते. त्यात घर्षण मिळवा: मिनिटाला ३५ गॅलन वाहत असतील तर दीड इंची पाइपमध्ये १०० फुटांमागे साधारण ७ फूट हेड खर्च होतं. २० फूट पाइप, तीन एल्बो आणि एक चेक व्हॉल्व्ह (पाणी परत खाली येऊ न देणारी झडप) मिळून सुमारे ४३ फूट पाइपाइतका अडथळा होतो, म्हणजे आणखी ३ फूट. एकूण ११. एवढ्या हेडला एम५३ मिनिटाला तीसच्या वर गॅलन देतो. हे पुष्कळ आहे.

उंची तीच ठेवून कोणी पाइप सव्वा इंचाचा केला किंवा बाहेर पन्नास फूट नळी जोडली, की हा हिशेब बिघडतो. ‘पंप चालतो पण पाणी हटत नाही’ या तक्रारीत आधी पाइप पाहावा.

किती पाणी येतं हे अंदाजाने न ठरवता मोजावं. भर वितळणीच्या दिवशी पंपाने खड्डा उपसल्यावर त्याचा प्लग काढा, खड्ड्यात टेप उभी धरा आणि एका मिनिटात पाणी किती इंच चढलं ते पाहा. पाणी ड्रेन टाइलच्या तोंडाच्या खाली असतानाच हे करा. तोंड बुडालं की पाणी पाइपमध्ये साठू लागतं आणि आकडा कमी दिसतो. १८ इंच व्यासाच्या खड्ड्यात एक इंच म्हणजे १.१ गॅलन. मिनिटाला ५ इंच चढलं तर साडेपाच गॅलन. मोजून झालं की प्लग परत लावा. हे सांगायची गरज आहे, कारण वर जाऊन चहा पिताना ते विसरलेली माणसं थोडी नाहीत.

या आकड्यावरून पुढची गोष्ट कळते आणि ती सहसा दुकानात कोणी सांगत नाही. एम५३चा फ्लोट पाणी साधारण सव्वासात इंचांवर आलं की पंप चालू करतो आणि ३ इंचांवर बंद करतो. मधले सव्वाचार इंच म्हणजे १८ इंची खड्ड्यात जेमतेम साडेचार गॅलन. मिनिटाला ५ गॅलन पाणी येत असेल तर खड्डा ५४ सेकंदांत भरतो आणि पंप तो नऊ-दहा सेकंदांत रिकामा करतो. मिनिटाला एकदा, म्हणजे दिवसाला सुमारे चौदाशे वेळा पंप सुरू होतो. मोटर आणि स्विचची झीज होते ती या सुरू होण्याने. अशा वेळी लोक जाऊन अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप आणतात. तो खड्डा आणखी लवकर रिकामा करतो, पण भरायला लागणारा वेळ तोच राहतो, त्यामुळे सुरू-बंदचा आकडा जवळपास तसाच. उलट खड्डा २४ इंच व्यासाचा केला तर तेवढ्याच सव्वाचार इंचांत सव्वाआठ गॅलन मावतात आणि फेऱ्या जवळजवळ निम्म्या होतात. पैसे घालायचे असतील तर आधी खड्ड्यात घाला, मग हॉर्सपॉवरमध्ये.

मोठा पंप, म्हणजे याच कंपनीचा अर्ध्या हॉर्सपॉवरचा एम९८, खरोखर लागतो तो दोन प्रसंगी: हेड १५ फुटांच्या आसपास असेल (तिथे एम५३ १९ गॅलनवर येतो, एम९८ ४५ देतो), किंवा मोजलेली आवक मिनिटाला वीस गॅलनच्या पुढे असेल. बाकी घरांना एम५३ पुरे.

बसवण्याबद्दल. प्लंबर बोलावला तरी उभं राहून पाहण्यासारख्या काही जागा आहेत.

पंप खड्ड्याच्या तळावर थेट ठेवू नये. तळाशी खडी-गाळ साचतो आणि तो आधी फ्लोटमध्ये शिरतो. खाली सपाट पेव्हर किंवा वीट ठेवा. वीट ठेवली की पंप चालू होण्याची पातळीही तेवढीच वर जाते, हे लक्षात असू द्या. ती ड्रेन टाइलच्या तोंडाच्या जरा खालीच राहिली पाहिजे. फार खालीही नको. पंप जितका खोल तितका जमिनीतल्या पाण्याचा साठा उपसत बसतो, आणि अख्ख्या गल्लीची भूजल पातळी खाली नेणं हे काही आपल्या पंपाचं काम नव्हे.

पंपाच्या तोंडाला प्लास्टिकचा मेल ॲडॅप्टर टेफ्लॉन टेप लावून हाताने घट्ट करून मग थोडासाच पाना. पुढे शेड्यूल ४० (जाडीचा दर्जा) पीव्हीसी पाइप. पंप आणि चेक व्हॉल्व्ह यांच्या मधे, खड्ड्याच्या झाकणाखाली, पाइपला ३/१६ इंचाचं भोक पाडायचं असतं. हे भोक पंप चालू असताना बारीक चिळकांडी सोडतं, आणि ती गळती समजून एम-सील लावून बंद करणारे महाभाग आहेत. भोक नसेल तर पंपाच्या पोटात हवा अडकते. वर चेक व्हॉल्व्हवर पाण्याचा खांब बसलेला असतो, हवेला वाट मिळत नाही. मोटर गुणगुणते, पाणी जागचं हलत नाही. दोन-तीन आठवडे खड्डा कोरडा राहिल्यानंतर पहिल्या पाण्याला ही अडचण सगळ्यात जास्त येते, म्हणजे बरोबर मार्चमध्ये. वर्षातून एकदा त्या भोकात तार घालून ते मोकळं करावं.

चेक व्हॉल्व्हवरचा बाण वरच्या दिशेने हवा. रबरी कपलिंगचा, पान्याने सुटणारा व्हॉल्व्ह घ्या, म्हणजे पंप काढताना पाइप कापावा लागत नाही. व्हॉल्व्ह नसेल किंवा आतली झडप झिजली असेल तर १० फूट पाइपमधलं एक गॅलन पाणी दर वेळी परत खड्ड्यात येतं. साडेचारातलं एक. म्हणजे पाव मेहनत फुकट, आणि फेऱ्या तेवढ्या वाढल्या. पंप बंद होताना भिंतीत ‘ठण्ण’ वाजत असेल तर तो झडप आपटण्याचा आवाज आहे. स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह लावला की थांबतो. त्यासाठी पंप बदलू नका.

झाकण हवाबंद असावं. ते केवळ मुलं पडू नयेत म्हणून नव्हे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या नकाशात नॉर्थ डकोटातले सगळे जिल्हे रेडॉन या किरणोत्सर्गी वायूच्या सर्वाधिक जोखमीच्या गटात आहेत आणि उघडा संपचा खड्डा म्हणजे जमिनीतला वायू घरात यायला सोपी वाट. केबल आणि पाइप बाहेर येतात तिथे रबरी ग्रोमेट व सिलिकॉन, झाकणाला पारदर्शक खिडकी असेल तर उत्तम.

यानंतर येतो बाहेरचा पाइप, आणि या प्रदेशात सगळ्यात जास्त घात तोच करतो. मार्चमध्ये दुपारी तापमान शून्याच्या वर आणि रात्री उणे दहा. दुपारी पंपाने टाकलेलं पाणी पाइपच्या टोकाशी थेंब-थेंब गोठत जातं. तिसऱ्या-चौथ्या रात्री तोंड बुजतं. पंप आत चालूच आहे, पाणी कुठेच जात नाही, मोटर तापते, थर्मल कट तिला बंद करतो, गार झाली की परत चालू होते. सकाळी बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी, आणि पंप नवा कोरा.

यावर उपाय तीन आहेत, तिन्ही करावेत. घराच्या भिंतीबाहेर पडल्या-पडल्या पाइपला फटी असलेला फ्रीझ-रिलीफ फिटिंग लावा. पुढचं तोंड बुजलं तर पाणी त्या फटींमधून भिंतीजवळच का होईना, पण बाहेर पडतं. पुढचा पाइप गुळगुळीत पीव्हीसी हवा आणि त्याला सलग उतार हवा, फुटाला पाव इंच. ती काळी वळ्यांची नळी हिवाळ्यात काढून ठेवा, कारण तिच्या प्रत्येक वळीत थोडं पाणी राहतं आणि बर्फ तिथूनच धरतो. आणि तोंड कुठे उघडतं ते पाहा: त्यावर ड्राइव्हवेचा बर्फ ढकललेला नसावा.

तोंड भिंतीपासून किमान १० फूट लांब, उताराकडे. पायाभोवतीची भरावाची माती मूळ मातीपेक्षा सैल असते. भिंतीलगत ओतलेलं पाणी तिच्यातून सरळ ड्रेन टाइलमध्ये उतरतं आणि तेच पाणी पंप दिवसभर फिरवत बसतो. आवक अचानक जास्त वाटू लागली तर आधी हे तपासा. शेजाऱ्याच्या कुंपणाकडे किंवा फुटपाथवर सोडलेलं पाणी रात्री काचेसारखं गोठतं, त्यावरून भांडण आणि नगरपालिकेची नोटीस दोन्ही येतात.

हा पाइप लाँड्रीच्या सिंकमध्ये किंवा फरशीतल्या सांडपाण्याच्या ड्रेनमध्ये सोडायचा मोह होतो. बहुतेक शहरांत त्याला बंदी आहे. अतिथंड भागातली काही शहरं हिवाळ्यापुरती परवानगी देतात, ती लेखी घ्यावी. बंदीचं कारण पटण्यासारखं आहे. हजार घरांनी मिनिटाला पाच गॅलन सांडपाण्याच्या वाहिनीत ओतले की ती वाहिनी उलटी वाहते आणि मैला परत बेसमेंटच्याच ड्रेनमधून वर येतो, आधी ज्याचं घर सगळ्यात सखल त्याच्याकडे. त्यासाठी बॅकवॉटर व्हॉल्व्ह (मैला उलटा येऊ न देणारी झडप) हे वेगळं साधन आहे. संप पंप मैल्याच्या उलट्या प्रवाहावरचा उपाय नाही. टोरोंटोसारखी काही शहरं दोन्हींसाठी अनुदान देतात, पण काम सुरू करण्याआधी अटी वाचाव्यात.

वीज. बर्फाळ वादळ आणि पूर एकाच आठवड्यात येतात, आणि एम५३ला विजेशिवाय किंमत नाही. त्याला स्वतंत्र १५ अँपिअरचं सर्किट द्या. फ्रीझर आणि पंप एका ब्रेकरवर असले की दोघं एकदम सुरू होतात त्या क्षणी ब्रेकर पडतो. सॉकेट जीएफसीआयचं (गळती होताच वीज तोडणारं) असेल तर ते कधीकधी उगाच ट्रिप होतं आणि कोणाला कळत नाही. ते काढून टाकणं हा उपाय नव्हे, ओल्या जमिनीवर ते जीव वाचवतं. उपाय म्हणजे खड्ड्यात वरच्या पातळीला बॅटरीवरचा पाण्याचा अलार्म. वीस-तीस डॉलरचं काम आहे आणि या परीक्षणातली सगळ्यात स्वस्त शिफारस तीच.

बॅकअपला तीन वाटा. पहिली, १२ व्होल्टचा स्वतंत्र डीसी पंप त्याच खड्ड्यात, मुख्य पंपापेक्षा जरा वर, स्वतःच्या चेक व्हॉल्व्हसह. बॅटरी डीप-सायकल घ्या. गाडीची बॅटरी क्षणभर मोठा करंट देण्यासाठी बनलेली असते, तासन्‌तास उपसायला नाही. दोन-चार वेळा पूर्ण उतरली की ती संपली. ७५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी सलग उपशाला पाचेक तास टिकते, थांबून-थांबून चालला तर बराच जास्त वेळ. दुसरी वाट, शहराच्या नळाच्या दाबावर चालणारा पंप: बॅटरी नाही, वीज नाही, पण दोन गॅलन उपसायला साधारण एक गॅलन पिण्याचं पाणी खर्च करतो, आणि घराला खाजगी बोअरवेल असेल तर तो निरुपयोगी, कारण वीज गेली की बोअरही बंद. तिसरी, जनरेटर किंवा इन्व्हर्टर. चालू असताना एम५३ला ११०० व्होल्ट-अँपिअर लागतात, सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट. उपकरणाचा सर्जचा आकडा पाहून घ्या, आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच. जनरेटर घराबाहेर २० फूट लांब. गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून चालवणंसुद्धा कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकतं.

तीनपैकी बहुतेक घरांना पहिली वाट बरी. तिची किंमत मुख्य पंपापेक्षा जास्त होते, तेव्हा लोक मागे हटतात. पण वीज असताना चालणारा उत्तम पंप आणि वीज नसताना काहीच नाही, यापेक्षा मध्यम पंप आणि चांगला बॅकअप परवडतो.

आता उणिवा. फ्लोटची पातळी बदलता येत नाही, वर-खाली करायची तर विटाच. दांडीवरचा फ्लोट अरुंद खड्ड्यात चालतो हा फायदा, पण लोहयुक्त पाणी असलेल्या भागात नारिंगी बुळबुळीत थर (लोहजिवाणूंचा) त्याच्या सांध्यावर बसतो आणि फ्लोट वर किंवा खाली अडकतो. खाली अडकला तर पाणी भरतं; वर अडकला तर पंप कोरडा चालत राहतो आणि सील जातं. असं पाणी असेल तर वर्षातून दोनदा पंप बाहेर काढून ब्रशने साफ करणं आलंच. केबल आखूड वाटू शकते. एक्स्टेन्शन कॉर्ड जोडू नका, जास्त लांब केबलचं मॉडेल मागवा किंवा सॉकेट जवळ आणा. आवाज मात्र कमी आहे, वर झोपण्याच्या खोलीत तक्रार येण्याइतका नाही.

‘सांगलीच्या घरासाठी एक पाठवू का?’ हा प्रश्न मराठी मंडळांच्या गटांत दर पावसाळ्यात निघतो. पाठवू नका. हा पंप ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचा आहे. ट्रान्सफॉर्मर लावला तरी ५० हर्ट्झवर तो हळू फिरतो, कमाल हेड १९ फुटांवरून साडेतेरापर्यंत घसरतं आणि मोटर जादा तापते. शिवाय तिकडचा प्रश्न घरात दारातून येणाऱ्या नदीच्या पाण्याचा आहे, तळघरातल्या पाझराचा नाही. तिथे गाळ ओढणारा स्थानिक मड पंपच कामाचा.

हीच मर्यादा रेड रिव्हरकाठीही लागू आहे. नदीचं पाणी अंगणात आलं, की बेसमेंट कोरडं ठेवण्याचा हट्ट धोक्याचा ठरतो. भिंतीबाहेर ७ फूट पाणी उभं असेल तर तळाशी दर चौरस फुटाला सुमारे ४३७ पौंड दाब येतो. ३० फूट लांब भिंतीवर एकूण भार वीस टनांच्या पुढे जातो. आत पाणी नसेल तर तो पेलायला समोरून काहीच नसतं आणि भिंत आत कोसळते किंवा फरशी वर उचलली जाते. म्हणूनच नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीचा एक्स्टेन्शन विभाग सांगतो की पूर घरात येणार हे नक्की असेल तर बेसमेंट स्वतःहून स्वच्छ नळाच्या पाण्याने भरण्याचा विचार करा. ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन्हीकडून दाब सारखा होतो आणि घाण पाणी, मैला, गाळ आत येत नाही.

उपसतानाही घाई नको. आधी मुख्य वीज बंद, आणि पॅनेलच पाण्यात असेल तर वीज कंपनीकडून बंद करून घेतल्याशिवाय खाली पाय ठेवायचा नाही. बाहेरचं पाणी ओसरल्यावर एक फूट उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पातळी खुणेच्या वर आली असेल तर जमीन अजून भरलेली आहे, थांबा. आली नसेल तर दिवसाला दोन-तीन फूट. या कामाला एम५३ वापरू नका, गाळाने तो कायमचा खराब होईल. भाड्याचा ट्रॅश पंप (गाळ-कचरा ओढणारा) आणा.

विम्याचं थोडक्यात, कारण पंपाच्या पावतीपेक्षा ही पॉलिसी महाग पडते. अमेरिकेत घराचा नेहमीचा विमा पूर देत नाही. सरकारी पूरविम्याला साधारण ३० दिवसांची प्रतीक्षा असते, म्हणजे एप्रिलच्या पुरासाठी फेब्रुवारीत घ्यायचा. त्यात इमारतीला अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि बेसमेंटला फारच तोकडं संरक्षण: फर्नेस, हीटर, विजेचं पॅनेल, संप पंप मिळतात, गालिचा, सोफा, सजवलेल्या भिंती नाहीत. पंप बंद पडून खड्डा उतू गेला तर ते ‘पूर’ धरलं जात नाही, त्यासाठी घराच्या विम्याला ‘वॉटर बॅकअप’ची जोड वेगळी घ्यावी लागते. कॅनडात जमिनीवरून येणाऱ्या पुराचा विमा घरमालकांना २०१५पासून मिळू लागला, तोही ऐच्छिक; पॉलिसीत आहे असं गृहीत धरू नका.

खरेदी फेब्रुवारीत करा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नदीचा अंदाज वर गेला की हार्डवेअरच्या दुकानांत पंपाची फळी दोन दिवसांत रिकामी होते. घरात सहा-सात वर्षांचा पंप चालू असेल तर तो चालू असतानाच बदला आणि जुना साफ करून सुटा राखीव ठेवा, ॲडॅप्टर आणि पाइपचा तुकडा त्यालाच जोडलेला, म्हणजे रात्री दोन वाजता रबरी कपलिंगचे दोन स्क्रू सोडून दहा मिनिटांत अदलाबदल होते.

आणि फेब्रुवारीअखेर चाचणी: पाच-पाच गॅलनच्या दोन बादल्या खड्ड्यात ओता. एका बादलीत पंप जेमतेम सुरू होण्याच्या पातळीला येतो, म्हणून दोन. फ्लोट हाताने उचलून पंप चालू झाला म्हणजे चाचणी झाली असं समजू नका, त्याने फक्त स्विच कळतो. एकाने बादली ओतायची, दुसऱ्याने बाहेर पाइपच्या तोंडाशी उभं राहून पाणी खरंच येतंय का, आणि फ्रीझ-रिलीफच्या फटींतून गळत नाही ना, ते बघायचं. फटींतून येत असेल तर पुढचा पाइप आधीच गोठलेला आहे. गरम पाण्याची किटली घेऊन त्याच दिवशी तो मोकळा करा.